पान दोनशे बारा, शेवटची ओळ

१

माझं काम मुलं मोजायचं आहे. हसू नका, खरंच तेच आहे.

आमचं प्रकाशन मुलांची पुस्तकं काढतं, आणि त्यात सगळ्यात जास्त वाचली जाते ती 'उलट्या जिन्याचा देश' ही मालिका. पाच भाग आलेत, सहावा शेवटचा. चार मुलं एका साध्या इमारतीचा जिना उतरतात, तळमजल्यानंतरही पायऱ्या संपत नाहीत, आणि खाली एक देश लागतो. तिथे बोलकी कुलपं आहेत, ढगांची कोठारं आहेत, सावल्या शिवून देणारे शिंपी आहेत. जिन्याच्या तोंडाशी खडूवाला बसतो. मुलं उतरताना तो भिंतीवर प्रत्येकाची एक रेघ ओढतो, वर येताना पुसतो. प्रत्येक भाग एकाच ओळीवर संपतो: 'चौघे वर आले, आणि खडूवाल्याने चार रेघा पुसल्या.' दहा-बारा वर्षांच्या मुलांना ही ओळ स्वतःच्या पत्त्यासारखी पाठ असते.

अशा पुस्तकात एक चूक राहिली की पत्रांचा ढीग येतो. तिसऱ्या भागात बोका नावाच्या मुलाने डाव्या हातात तलवार धरली, तर एका मुलीने लिहिलं, 'तो उजवा आहे. भाग पहिला, पान सव्वीस. तुमच्याकडे कोणी वाचत नाही का?' ते पत्र मी टेबलासमोर चिकटवून ठेवलंय. प्रकाशक म्हणतात, "अगं, मुलांना काय कळतंय." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मुलांनाच कळतं. मोठी माणसं पानं उलटतात, मुलं वाचतात.

म्हणून मी पात्रवही ठेवते. बोका, लंबू, बटण आणि गप्पी, यांतलं कोण कशाला घाबरतं, कोणाच्या खिशात काय आहे, सगळं तिच्यात. शिवाय प्रत्येक प्रसंगाच्या समासात पेन्सिलीने आकडा, की या खोलीत आत्ता मुलं किती. चार. चार. तीन, कारण बटण खड्ड्यात पडलाय. पुन्हा चार. हजेरीच म्हणा.

लेखिकेला सगळे 'बाई' म्हणतात. बाईंच्या अटी ऐकल्या की कोणालाही घाम फुटेल. त्या हातानेच लिहिणार. फोन सकाळी दहा ते अकरा, एरवी नाही. आणि प्रत्येक करारात एक ओळ असते: 'पुस्तक छापून, बांधून पूर्ण होईपर्यंत ते कोणत्याही मुलाच्या हाती देऊ नये.' प्रकाशक ही अट डोळे मिटून पाळत आलेत. मला ती शुद्ध मूर्खपणाची वाटायची. मुलांचं पुस्तक, आणि ते होईपर्यंत एकाही मुलाला विचारायचं नाही.

२

पुढचं काही मला काही दिवसांपूर्वीपर्यंत आठवत नव्हतं. आता थोडं थोडं येतंय, म्हणून येईल तसं लिहिते.

माझ्या दादाला मुलगी आहे. अकरा वर्षांची. घरात तिला खारू म्हणतात, कारण वाचताना तिच्या तोंडात सतत काहीतरी चालू असतं. बिस्किट, आणि ते संपलं की पेन्सिलीचं टोक. तिच्या उजव्या बुटाला हिरवी नाडी आहे आणि डाव्याला पांढरी. एक हिरवी हरवली, आणि नवी जोडी घ्यायला तिने साफ नकार दिला. "उरलेलीने काय केलंय?" असं तिचं म्हणणं. हे मला आता आठवतं. चेहरा आठवत नाही.

सहाव्या भागाचं पहिलं मुद्रित आलं, म्हणजे छपाईआधी तपासायची पानं, तेव्हा मी ती पिशवीत घालून घरी नेली.

"आत्या, हे अजून पुस्तक झालेलं नाही?"

"नाही. म्हणून तर देतेय. चुका शोध."

"बाईंनी चालेल म्हटलं?"

"बाईंना विचारलं तर नाहीच म्हणतील. तू वाच."

"म्हणजे चोरून."

"चोरून नाही. कामासाठी."

"म्हणजे चोरून, पण पकडलं तर तू सांगणार," ती म्हणाली आणि पानं घेऊन खिडकीत जाऊन बसली.

दोन दिवसांत संपवलं. समासात बारीक अक्षरात शेरे होते. 'आत्या, गप्पीला पान एकोणचाळीसवर तहान लागली होती. मग पाणी कधी प्यायली?' बरोबर होतं. मी तीनदा वाचूनही मला गप्पीची तहान दिसली नव्हती. मी तिला सांगितलं की तू माझ्यापेक्षा चांगली संपादक होशील, आणि मला तसंच वाटत होतं.

पानं परत देताना ती एवढंच म्हणाली, "खाली खूप गार असतं, नाही?"

"कुठे?"

"जिन्यात."

पुस्तकात गारठ्याबद्दल एक शब्द नव्हता. मला माहीत होतं, कारण वही माझी होती.

३

दुसरं मुद्रित आलं. पान चाळीस. कुलपांच्या राणीने मुलांसमोर पाण्याचे पेले ठेवले, पाच. मी लाल पेनाने चार केले. पान त्रेपन्न. दोरीला पाच गाठी, एकेकाने एकेक धरली. चार केल्या. पान सत्तर. ओल्या मातीत बुटांचे ठसे, 'पाच जोड्या, शेवटची सगळ्यात लहान, एका बुटाची नाडी सुटून चिखलात ओढत आलेली.'

इथे मी पेन खाली ठेवलं. माझ्या वहीप्रमाणे पान सत्तरवर माती ओली नव्हतीच.

आधी अक्षरजुळणी करणाऱ्यावर भडकले. तो म्हणाला, "मॅडम, हस्तलिखितात असतं तेच मी टाकतो. मला गोष्टी सुचत असत्या तर इथे बसलो असतो का?" हस्तलिखित काढलं. बाईंचं निळं, ताठ अक्षर. पाच पेले. पाच गाठी. ओली माती. कुठे खाडाखोड नाही. आणि त्याच हस्तलिखितावरून मी स्वतः केलेली नोंद: चार. चार. माती कोरडी. अशा एकूण अकरा जागा निघाल्या.

दोनच शक्यता होत्या. एक तर मी सलग अकरा वेळा चुकले, नाहीतर कागदावरचं बदललं. पहिली मला मान्य नव्हती आणि दुसरी कोणत्याही शहाण्या माणसाला मान्य होण्यासारखी नव्हती. म्हणून मी तिसरी काढली. बाईंनी गुपचूप नवी पानं लिहून पाठवली आणि आम्हाला कळवायची तसदी घेतली नाही. त्यांच्याकडून दुसरी काय अपेक्षा ठेवायची. मला इतका राग आला की बरं वाटलं.

४

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला बाईंच्या दारात उभी राहिले. त्या पहिल्या मजल्यावर राहतात. बाहेरच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंती मोकळ्या. टेबल दाराकडे तोंड करून ठेवलेलं, दार सताड उघडं. एवढ्या वेळा आले होते, पण हे पहिल्यांदाच लक्षात आलं. बाई लिहिताना जिन्याकडे बघत बसतात.

"बाई, पाच कोण?"

"बस तरी आधी."

मी न बसता पान चाळीस त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग पान सत्तर घेतलं. नाडी या शब्दावर त्यांचं बोट थांबलं.

"हे मी लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"अक्षर तुमचं आहे."

"अक्षर माझंच आहे." त्यांनी चष्मा काढला. "कोणाला वाचायला दिलंस?"

"कोणालाच नाही."

खोटं बोलताना मी समोरच्याच्या डोळ्यांत बघते. लहानपणापासूनची सवय.

"घरात मूल आहे?"

"बाई, प्रश्न पेल्यांचा आहे."

"दार बसवत असताना त्यातून कोणी ये-जा करतं का? आधी ते चौकटीत नीट बसू द्यायचं. मग कोणीही जावं, कोणीही यावं. म्हणून अट घालते मी."

"हे सुंदर आहे, मुलाखतीत सांगा. मला फक्त आकडा हवाय. चार की पाच?"

त्यांनी शेवटचं पान शोधलं. दोनशे बारा. तिथेही आता पाच जण वर येत होते. त्या ओळीवर त्यांनी तळहात ठेवला, ताप आलेल्या कपाळावर ठेवतात तसा.

"पाच. आता पाचच. सगळीकडे राहू दे, आणि इथे तर काही झालं तरी राहू दे." ओळीखाली त्यांनी 'छापावे' असं लिहिलं आणि सही केली. ही सही झाली की आमच्या धंद्यात लेखकाला विचारल्याशिवाय स्वल्पविरामसुद्धा हलवता येत नाही.

"पण पाचव्याला नाव नाही, कुठून आला ते नाही. मुलं विचारतील."

"विचारू देत." बाई थकल्यासारख्या दिसल्या. "तुझ्या हातून एक चूक झाली आहे. ती सुधारायला जाऊ नकोस."

जिना उतरताना मी पायऱ्यांवर पाय आपटत उतरले. मुलांसाठी लिहिणाऱ्या माणसानेही शेवटी तेच म्हणायचं, विचारू देत.

५

घरी आले तर खारू मोरीत हात धूत होती. पाणी पांढरं वाहत होतं.

"काय सांडलंस?"

"खडू आहे."

"शाळेतला?"

"नाही." तिने हात झटकले. "आत्या, तू पेल्यांचं काय केलंस?"

पेल्यांचं मी घरात कोणाजवळ बोलले नव्हते. पण त्याच वेळी फोनवर प्रकाशकांचा निरोप येत होता की छपाईची तारीख अलीकडे घेतली आहे, आणि मी उत्तर लिहीत होते.

"चार केले. चारच तर असतात."

"मग मी तहानलेलीच राहिले."

गंमत करतेय असं वाटलं. ती मोरीपाशीच उभी राहून तीन पेले पाणी प्यायली, एकामागून एक, श्वास न घेता. वहिनी म्हणाली, "हळू, ठसका लागेल." आई म्हणाली, "हिचे पाय बघा, कुठे फिरून आलीय." बुटांना ओली माती होती. बाहेर महिनाभर पाऊस नव्हता.

"खारू, बूट बाहेर," दादा म्हणाला.

ती बूट काढायला दाराशी गेली आणि तिथूनच मला म्हणाली, "शेवटी तो मोजतो ना, तेव्हा नीट बघ हं."

"मी नेहमी नीटच बघते," मी म्हटलं. फोनवरून मान वर न करता.

६

छापखान्यात मी भर दुपारी गेले. फोरमनने मुद्रित हातात घेतलं, शेवटचं पान काढलं आणि माझ्याकडे बघितलं.

"यावर बाईंची सही आहे."

"आणि तपासणारी मी आहे."

"विचारलंत त्यांना?"

"दहा ते अकरा. आता बारा वाजून गेलेत."

"मग उद्या छापू. काय आग लागलीय?"

"उद्या उद्या करत आपण मुलांना चुकीचं पुस्तक देतो," मी म्हणाले. आवाज चढला होता. फोरमन खांदे उडवून बाजूला झाला. तीस वर्षांत त्याने माझ्यासारख्या कितीतरी बघितल्या असतील.

अकरा जागा. अकराही मी उभी राहून बदलून घेतल्या. शेवटची सगळ्यात सोपी होती. तीत फक्त 'पाच जण'चं 'चौघे' झालं आणि 'पाच'चं 'चार'. यंत्र सुरू झालं, जमीन हादरायला लागली. पहिला ताव हातात घेतला. शाई ओली होती. 'चौघे वर आले, आणि खडूवाल्याने चार रेघा पुसल्या.' पाचही भागांसारखीच ओळ. इतकं समाधान मला कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. घरचा नंबर. यंत्राच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून दुसऱ्या कानावर हात ठेवला. पलीकडे कोणीतरी काहीतरी कुरतडत होतं. बिस्किट दातांनी बारीक बारीक तोडतात, तसा आवाज. मग तोही थांबला.

"कोण?" मी विचारलं.

आणि मला खरंच माहीत नव्हतं.

७

आमचं घर चौघांचं. आई, दादा, वहिनी आणि मी. चार ताटं, चार टॉवेल, दाराशी चपलांचे चार जोड. मागच्या बाजूला एक लहान खोली आहे, तिथे आम्ही इस्त्री करतो. हे सगळं मला तेव्हा अगदी नैसर्गिक वाटत होतं, म्हणून तसंच लिहिते.

पण त्या दोन आठवड्यांत घरात कोणाचं कोणाशी धड बोलणं नव्हतं. दादा उगाच तडकायचा. वहिनी रोज दूध जास्त घ्यायची आणि उरलं की स्वतःवरच चिडायची. "कोण पितं एवढं, काय माहीत." आई जेवायला बसायची, भोवताली बघायची, पुन्हा उठायची. "काही आणायचं राहिलंय," म्हणायची. स्वयंपाकघरात जायची आणि रिकाम्या हाताने परत यायची. मला वाटलं, म्हातारपण. असं वाटल्याचा राग आला आणि तो मी तिच्यावरच काढला.

एकदा सकाळी वहिनी इस्त्रीच्या खोलीत उभी होती. हातात कंगवा. समोर कोणी नाही, पण कंगवा तिने छातीच्या उंचीवर धरला होता, दात खाली करून.

"काय करतेस?"

"काही नाही." तिने कंगव्याकडे बघितलं. "हा लहान पलंग आपण कशाला घेतला होता गं?"

"कपडे ठेवायला," मी म्हणाले. मला उशीर होत होता.

८

पुस्तकाच्या पहिल्या बांधलेल्या प्रती आल्या. नियमाप्रमाणे मी प्रत जुन्या मुद्रितांशी ताडून बघायला बसले. आधी पहिलं मुद्रित काढलं. पान एकोणचाळीस. समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'आत्या, गप्पीला पान एकोणचाळीसवर तहान लागली होती. मग पाणी कधी प्यायली?'

शेरा चांगला होता. मी पुढे गेले आणि दोन पानांनंतर परत आले.

मला आत्या कोण म्हणतं?

मी सरळ घरी गेले, मुद्रितासकट. दादाने रजा घेतल्यामुळे तो घरातच होता.

"दादा, मी कोणाची आत्या आहे?"

"हे काय नवीन?"

"सांग ना."

"कोणाचीच नाहीस. त्यासाठी आधी मला मूल लागेल." तो हसला. वहिनी हसली नाही.

"हे बघ. आत्या लिहिलंय. चौतीस ठिकाणी."

"असेल ऑफिसातल्या कोणाचं तरी."

"ऑफिसात मला आत्या म्हणतात?"

"तुझ्या ऑफिसाने तुझं डोकं पार फिरवलंय. मला का छळतेस?"

"कारण मला भाऊ एकच आहे."

वहिनीने माझ्या हातातलं पान घेतलं. वाचलं नाही. नाकाशी धरलं.

"बिस्किट," ती म्हणाली आणि खाली फरशीवरच बसली.

९

मी जिन्याकडे धावले. का, ते विचारू नका, तेव्हा माझं डोकं पुस्तकासारखंच चाललं होतं. आमच्या जिन्याला शेवटच्या टप्प्यात सोळा पायऱ्या आहेत. मी इथेच वाढले, मला माहीत आहे. खाली फरशी, मग भिंत, संपलं.

भिंतीवर, मुलाच्या खांद्याच्या उंचीवर, खडूच्या रेघा होत्या. चार पुसलेल्या, नुसता पांढरा धुरळा उरलेला. पाचवी अख्खी. मी ती तळहाताने घासली, ओढणीने घासली. हाताला काही लागलं नाही.

मग माझा पाय खाली गेला. फरशी असायला हवी होती तिथे सतरावी पायरी होती. घोट्यापर्यंत गार हवा आली. मी खाली बघितलं नाही, असं मला लिहायला आवडलं असतं. बघितलं. फार खाली, जिथे उजेड पायरी-पायरीने कमी होत जातो, तिथे कोणीतरी वाकून बुटाची नाडी बांधत होतं. गाठ सुटत होती, पुन्हा बांधत होतं. डोकं वर झालं नाही. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि नाव नव्हतं.

पापणी लवली. पायाखाली फरशी होती.

दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी तिथूनच बाईंना फोन लावला.

"बाई, मी खोटं बोलले होते."

"माहीत आहे. आकडा पाचच ठेवलास ना?"

"चार केला. छापूनही झालं."

"किती प्रती?"

"तीन हजार."

"छापलेलं पुसता येत नाही."

"पण दुरुस्त करता येतं," मी म्हणाले. "शुद्धिपत्र लावता येतं. 'अमुक ऐवजी तमुक वाचावे.' प्रत्येक प्रतीत. वाचणारा ते वाचणारच ना?"

"मला माहीत नाही. माझं कोणी कधी खाली राहिलं नव्हतं." मग हळू आवाजात, "पण एकही सोडू नकोस."

१०

प्रकाशकांनी कपाळावर हात मारला. "मुलांच्या पुस्तकात शुद्धिपत्र? लोक हसतील. अगं, मुलांना काय कळतंय, चार काय नि पाच काय."

मी राजीनामा आणि शुद्धिपत्राचा मजकूर असे दोन कागद त्यांच्यासमोर ठेवले आणि कोणत्याही एकावर सही करा म्हटलं. त्यांनी दुसऱ्यावर केली, वर 'हौस असेल तर तूच चिकटवत बस' असं म्हणाले.

तर गेले नऊ दिवस मी गोदामात बसून खळ लावते आहे. अकरा दुरुस्त्या आहेत. पहिली ओळ मी पेल्याची घातली, निदान तहान तरी आधी भागावी. शेवटची पान दोनशे बाराची.

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही आणि मी स्वतःला भरपूर शिव्या दिल्या. शिकलेली बाई, आणि डिंकाने भूत उतरवतेय. तिसऱ्या दिवशी हजारावी प्रत मिटताना मला नाड्यांचे रंग आठवले. दोन हजाराच्या आसपास आवाज आला, "म्हणजे चोरून." अडीच हजारांवर वहिनीचा फोन आला. तिने इस्त्रीचे कपडे लहान पलंगावरून उचलून ठेवले होते. "खारूची चादर बदलली," ती म्हणाली. आणि मग, "खारू कोण गं?" ती रडत होती, आणि का रडतेय हे तिला सांगता येत नव्हतं. दादा आता रोज संध्याकाळी गोदामात येतो, माझ्याशेजारी बसतो आणि शुद्धिपत्रांच्या घड्या घालतो.

आज गोदामातल्या सगळ्या प्रती संपल्या. दोन हजार नऊशे साठ.

चाळीस नाहीत. ज्या दिवशी पहिल्या बांधलेल्या प्रती आल्या, त्याच दिवशी त्या शाळांना आणि ग्रंथालयांना भेट म्हणून गेल्या. मी फोन केले, पत्रं लिहिली, स्वतः दारोदार फिरले. एकतीस परत मिळाल्या, त्यांना शुद्धिपत्र लावलं. उरलेल्या नऊ कोणी कोणाला वाचायला दिल्या, त्यांनी पुढे कोणाला दिल्या, याचा पत्ता कोणालाच नाही. एका ग्रंथपालांनी तर मला ऐकवलं, "एवढ्याशा चुकीसाठी एवढा आटापिटा?"

म्हणून हे लिहिलं. ज्यांना ही गोष्ट वाटेल त्यांना वाटू दे. 'उलट्या जिन्याचा देश', भाग सहावा. तुमच्या घरात, वर्गात, शेजाऱ्यांकडे असेल, तर पान दोनशे बारा उघडा. शेवटच्या ओळीत 'चौघे' खोडून 'पाच जण' लिहा, 'चार' खोडून 'पाच' लिहा. पेन कोणतंही चालेल. आणि पान चाळीसवर पाणी द्यायला विसरू नका.

मघाशी आईचा फोन आला होता. दाराशी एक बूट आहे म्हणाली. लहान मुलाचा, उजव्या पायाचा, ओल्या मातीने भरलेला. हिरव्या नाडीची गाठ नीट मारलेली.

मी विचारलं, "आणि डावा?"

ती जिना उतरून बघून आली. डावा नव्हता.